चमचाभर रक्त आणि एक फॉरवर्ड

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: आयसीयूत पोराचं रक्त सारखं काढतात ते बिल वाढवायला. रिपोर्ट तीन दिवसांनी येतो, तोवर औषध अंदाजानंच. आईबापाला आत सोडत नाहीत, कारण आतलं दिसू नये. त्यापेक्षा ताप चढला की मेडिकलमधून भारी अँटिबायोटिक आणून घरीच सुरू करा.

मी लहान मुलांच्या आयसीयूत सिस्टर आहे. हा मेसेज वाचून एखाद्यानं पोराला आणायला उशीर केला तर काय होतं, ते मी पाहिलंय.

आधी रक्ताचं. गारगोटीकडच्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "सिस्टर, एवढंसं पोरगं, त्याच्या अंगात रगत असतंय किती आन् तुम्ही काढताय किती?" प्रश्न रास्त होता. दहा किलोच्या मुलाच्या अंगात साधारण 750 ते 800 मिली रक्त असतं. कल्चरला, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बाटलीत वाढवून बघण्याच्या तपासणीला, लागतं दोन-चार मिली, चहाचा चमचाही भरत नाही. त्याहून कमी घेतलं तर नुकसान पोराचंच, कारण रक्तात जंतू विरळ असतात, थेंबभरात सापडतीलच असं नाही. सुई टोचण्याआधी कातडी जंतुनाशकानं पुसून पूर्ण वाळू द्यावी लागते. नाहीतर कातडीवरचेच जंतू बाटलीत वाढतात आणि नसलेल्या आजारावर औषध चालू राहतं. रडणारं पोर धरून ती कातडी वाळायची वाट बघणं आम्हालाही जड जातं.

रिपोर्टला वेळ लागतो, कारण जंतू वाढायलाच वेळ लागतो. बहुतेकदा 24 ते 48 तासांत बाटलीत काही वाढतंय का ते कळतं, कुठलं औषध लागू पडेल हे त्यानंतर. तोवर कुणी हातावर हात ठेवून बसत नाही. सेप्टिक शॉकमधल्या, म्हणजे संसर्गानं रक्ताभिसरणच ढासळलेल्या मुलाला तासाभरात अँटिबायोटिक द्यावं, असं 2020 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कल्चर त्याआधी घ्यायचं, पण त्यासाठी औषध अडवायचं नाही. रिपोर्ट आला की औषध बदलतं, कधी बंदही होतं.

आईबापाला आत न सोडण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आयसीयूत संसर्ग होतो, हे खरं आहे. शिरेतली लाइन, लघवीची नळी, व्हेंटिलेटर, सगळीकडून जंतूला वाट मिळते. म्हणून "ही नळी आज लागतेच का?" हे रोज विचारलं जायला हवं. पण आई म्हणजे जंतू नव्हे. कमी वजनाच्या बाळाला आईचं दूध आणि तिच्या छातीची ऊब मिळाली तर संसर्ग कमी होतात. आत सोडत नसतील तर कारण विचारा. सोडलं तर हात धुऊन या आणि आम्ही धुतले का, हेही विचारा, आम्हाला राग येणार नाही. अंबाबाईचा अंगारा आणला असेल तर पुडी उशाशी ठेवा, नळीच्या ड्रेसिंगजवळ नको.

मेसेजातला सगळ्यात घातक भाग घरच्या अँटिबायोटिकचा. डेंग्यूवर, साध्या सर्दी-तापावर ते चालतच नाही. आणि आजार खरंच बॅक्टेरियाचा असला, तर घरच्या दोन-चार डोसांनी कल्चरच्या बाटलीत बऱ्याचदा काही वाढत नाही, आजार मात्र अंगात तसाच राहू शकतो. मग आम्ही नेमकं कशाशी लढतोय तेच कळत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला किंवा अंग गार पडलं, मूल दूध ओढेना, हातपाय गार आणि चट्टेदार झाले, श्वास जोरात चालला, लघवी कमी झाली, हाक मारल्यावर डोळे उघडेना, तर रात्र काढू नका, थेट दवाखाना गाठा. घरी काही दिलं असेल तर ते लपवू नका. रिकामी स्ट्रिप, औषधाची बाटली, जे असेल ते पिशवीत घालून आणा.