म्हणे बाथरूममध्ये कोंडा!

"मूल हट्टाला पेटलं की बाथरूममध्ये कोंडा, दिवा घालवा, पाच मिनिटांत सुतासारखं सरळ येतं." हा फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा फिरला. मी गप्प राहिले. मागच्या रविवारी भांडुपला दादाकडे गेले, तर माझा तीन वर्षांचा भाचा खरोखरच आत! गुन्हा काय, तर केळं सोलताना मोडलं आणि त्याला अख्खंच हवं होतं.

कडी मी काढली. रडणं थांबलं होतं, हे खरं. चड्डी ओली, बादलीचा काठ दोन्ही हातांनी धरलेला. आई म्हणाली, "बघ गं, झाला की नाही शांत?" शांत कसला, भीतीने थिजला होता. राग आवरायला मेंदूचा जो पुढचा भाग लागतो, तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. तोवर ते काम शेजारच्या मोठ्या माणसानेच करायचं असतं. मी खाली फरशीवर बसले आणि म्हटलं, "केळं मोडलं म्हणून राग आला ना?" आधी त्याने मला ढकललं. मग मांडीत शिरून भोकाड पसरलं. जरा वेळाने तेच मोडकं केळं खाल्लं.

"जवळ घेतलं की लाडावतं," असाही फॉरवर्ड फिरतो. 1972 साली सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास आला. 26 बाळांच्या घरी जाऊन वर्षभर केलेल्या नोंदी. रडल्यावर ज्यांच्या आया लगेच धावत, ती बाळं वर्षाच्या शेवटाकडे कमी रडत होती. बाळं तान्ही होती आणि 26 म्हणजे काही फार नव्हेत, कबूल. पण फॉरवर्डवाल्याने किती पाहिली?

"रडण्याने फुफ्फुसं मजबूत होतात." मग लोकलमध्ये चौथ्या सीटवरून रोज भांडणाऱ्यांची लोखंडी झाली असतील.

"आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं?" बाबांची चप्पल दारात वाजली की दादा आजही टीव्हीचा आवाज कमी करतो. चाळिशीत.

एक मात्र नाइलाजाने मान्य. मागेल ते दिलं तर मूल शेफारतं. म्हणूनच टोपलीत दुसरं केळं असून मी दिलं नाही. आणि आपलाच पारा चढला तर दोन मिनिटं बाजूला व्हावं, हेही बरोबर. वन बीएचकेत जाणार कुठे? तर मोठ्यांनी जावं बाथरूममध्ये. कडी आतून लावून.