‘लिंक चिकटवली की झालं’ म्हणणाऱ्यांना

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा आशय असा: ऑनलाइन संदर्भ कसे द्यायचे हे शिकवण्यात तास वाया घालवू नका, मुलांनी लिंक चिकटवली की पुरे. इंटरनेटवरचं सगळ्यांना दिसतं आणि ते सगळ्यांचंच असतं. उरलेलं नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर बघतं. मी कोल्हापुरात पदवीच्या मुलांचे प्रकल्प तपासते, आणि हे मला अजिबात पटत नाही.

आधी ‘लिंक पुरे’ हा मुद्दा. पावसाळ्यात इथे सकाळी पहिला प्रश्न असतो, “राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं?” 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे शाळेतलं पोरही सांगतं. पंचगंगेच्या पुरावर प्रकल्प करणाऱ्या एका मुलीनं जुलैमधल्या पातळीचा आकडा दिला आणि संदर्भ म्हणून रोज बदलणाऱ्या पानाची लिंक. मी मार्चमध्ये तपासायला बसले, लिंक उघडली, तर समोर त्या दिवशीची पातळी. “मॅडम, मी बघितलं तेव्हा होतं तिथं,” ती म्हणाली. खरंच असणार. पण पान कुणाचं, आकडा कोणत्या तारखेचा, तिनं तो कधी पाहिला, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिची खरी मेहनतही मला पडताळता आली नाही. संदर्भ लिहिण्याच्या एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीत सरसकट सगळ्या पानांसाठी पाहिल्याची तारीख मागत नाहीत, पण अशा बदलत्या पानांसाठी मागतात, ती याचमुळे. त्याच दिवशी वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाची प्रत जतन केली असती तर प्रश्नच मिटला असता. दोन मिनिटांचं काम आहे. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यात मीही आले.

‘सगळ्यांना दिसतं’ हेही किती दिवस? प्यू रिसर्च सेंटरनं 2024 मध्ये केलेल्या पाहणीत 2013 सालच्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आणि दिसणारं पान ताजं असतंच असंही नाही. मराठी विश्वकोशाच्या छापील खंडांतल्या नोंदी आता संकेतस्थळावर वाचता येतात, ही फार मोठी सोय. पण पहिला खंड 1976 चा. त्यातली लोकसंख्या किंवा उत्पादनाचे आकडे घेऊन पोरं खाली चालू वर्ष टाकतात, तेव्हा जुनी माहिती आजची म्हणून पुढे जाते. खंड आणि साल लिहायला शिकवलं तर हे होत नाही.

‘सगळ्यांचंच असतं’ याला उत्तर छोटं आहे. खुल्या परवान्याच्या विकिपीडियाचा मजकूर घेतानाही श्रेय देण्याची अट असते.

सॉफ्टवेअरचा भरवसा मात्र मला सगळ्यांत जास्त खटकतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलांना वाटतं की आकडा 10 च्या आत आला म्हणजे संदर्भ पक्के. ते यंत्र फक्त शब्दांचं साम्य मोजतं. दिलेला स्रोत खरा आहे का, त्यात ते विधान आहे का, हे ते सांगत नाही. आता तर चॅटबॉट अस्तित्वातच नसलेल्या लेखांची नावं लेखक-वर्षासकट देतात, आणि साम्य शून्य निघतं. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकून लेख उघडतो का बघा, प्रबंध असेल तर शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शोधा, आणि वाचल्याशिवाय संदर्भ देऊ नका, हे वर्गात माणसानंच सांगावं लागतं.

त्या मजकुरातली एक गोष्ट मी मान्य करते. स्वल्पविराम कुठे आणि तिरपा ठसा कुठे, यावर मुलांना छळू नये. या शैली बदलत राहतात: एमएलए या दुसऱ्या शैलीनं 2009 मध्ये वेबपत्त्याची सक्ती काढली आणि 2016 मध्ये पुन्हा पत्ता द्यायला सुचवलं. मी गुण कापते ते लेखक, शीर्षक, संस्था, तारीख यातलं काही शोधायचा प्रयत्नच केलेला नसेल तर. हे शिकवायला मला दोन तास लागतात. एक वर्गात, एक संगणकासमोर, मुलांच्याच प्रकल्पातल्या लिंक एकेक उघडून.