मॅडम, तुमचं क्वालिफिकेशन काय?

आमच्या प्लेग्रुपच्या ॲडमिशनचा सीझन सुरू झालाय त्यामुळे हा प्रश्न परत यायला लागलाय. परवा एक बाबा आले होते, अडीच वर्षांची मुलगी कडेवर, सगळं बघितलं, टॉयलेट बघितलं, सीसीटीव्ही कुठे कुठे आहे विचारलं आणि मग जरा आवाज खाली आणून, मॅडम रागावू नका पण तुमचं क्वालिफिकेशन काय? मी म्हटलं बीकॉम. त्यांचा चेहरा असा झाला की जणू ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनने सांगितलं मी मूळचा प्लंबर.

खरं सांगते, मला राग नाही आला. विचारायलाच पाहिजे. भाजीवाल्याला आपण चार प्रश्न विचारतो आणि पोरगी तीन तास जिच्या हवाली करायची तिला विचारायला लाजतो. राग वेगळ्याच गोष्टीचा येतो, त्यासाठीच ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

मी डोंबिवलीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात अकाउंट्स बघायचे. मुलगा झाला, नोकरी सुटली, तो तीन वर्षांचा झाल्यावर त्याच्याच प्लेग्रुपमध्ये 'टीचर हवी' अशी पाटी लागली. मुलाखत दोन मिनिटं. इंग्लिश येतं का, राइम्स येतात का, उद्यापासून याल का. पगार अडीच हजार, आणि मुलाची फी माफ! दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बावीस मुलं, त्यातली नऊ रडतायत, एक टेबलाखाली, आणि मला डेबिट क्रेडिट सोडून काही येत नव्हतं. कुणी सांगितलं नाही की रडणाऱ्याला आधी गप्प करायचं नसतं. कुणी सांगितलं नाही की अडीच वर्षांचं मूल शेअरिंग करत नाही ते वाईट म्हणून नाही, त्याला अजून ते जमतच नाही म्हणून. पहिल्या वर्षी मी ज्या चुका केल्या त्या आठवल्या की अजून पोटात गोळा येतो. त्या मुलांची मनातल्या मनात माफी मागून झालीय, जाऊदे.

तर, या क्षेत्रात लोक बाहेरूनच येतात. आणि हे आजचं नाही. गिजुभाई बधेका वकील होते, पूर्व आफ्रिकेत जाऊन आलेले, स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवायचं या विचारात मॉन्टेसरी वाचायला लागले आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. मॉन्टेसरीबाई, म्हणजे मुलांना साधनं हाताळून शिकू देण्याची पद्धत ज्यांनी काढली त्या, स्वतः डॉक्टर. पियाजे, ज्याच्याशिवाय बालविकासाचं एक पुस्तक पुरं होत नाही, त्याची डॉक्टरेट गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवर. मुलांच्या वाढीच्या टप्प्यांवर लिहिणारा मानसशास्त्रज्ञ एरिक्सन तर चित्रं काढत युरोपभर भटकणारा, कॉलेजची डिग्रीच नव्हती, पुढे हार्वर्डला शिकवलं. बीएड एकाकडे नाही!

हे ऐकून आमच्या लाइनमधले काही संस्थाचालक फार खूश होतात. बघा, डिग्री लागत नाही, पॅशन लागते. मुलांवर प्रेम पाहिजे. हे वाक्य ज्या ज्या तोंडून मी ऐकलंय त्या त्या माणसाने मला पगार कमी दिलाय, हा माझा अनुभव. कारण गोष्टीचा पुढचा अर्धा भाग ते गाळतात. एरिक्सनने डिग्री घेतली नव्हती पण व्हिएन्नात मनोविश्लेषणाचं ट्रेनिंग घेतलं आणि वर मॉन्टेसरीचा डिप्लोमा पण केला. गिजुभाई वकिली सोडून नुसते प्रेम करत नाही बसले, वर्षानुवर्षं वाचलं, करून बघितलं, लिहून ठेवलं. ताराबाई मोडक राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपल होत्या, ती खुर्ची सोडून भावनगरला गिजुभाईंबरोबर कामाला गेल्या. आता कुणी जाईल का, सांगा मला.

आणि अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत विधवा. मग शिकल्या, प्राथमिक शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं करून शाळेत शिकवलं, रात्रीच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या, १९४५ ला ताराबाईंबरोबर डहाणूजवळच्या बोर्डी गावात आल्या. तेव्हा एवढा अनुभव असलेली बाई आणखी काय शिकणार असं आपल्याला वाटेल, पण त्या १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, पदवीधर झाल्या. बोर्डीत आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर या बायका बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. परदेशी महाग साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पानं. पण हे करायला मॉन्टेसरीच्या साधनातून नेमकं काय साधायचंय ते आधी पक्कं कळलेलं असावं लागतं, नाहीतर बिया म्हणजे नुसत्या बिया. या दोघींचं काम पुढे जिथे चाललं त्या कोसबादच्या टेकडीवर मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आले, एकटीच, नवऱ्याने विचारलं देवदर्शन का, म्हटलं हो.

म्हणजे आधी कोण होतात याने फार बिघडत नाही. नंतर कुणी शिकवलं का, यावर सगळं आहे. आणि तिथेच आपली बोंब आहे. पहिलीच्या शिक्षकाला डीएड पाहिजे, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पाहिजे. त्याच मुलाला त्याआधी तीन वर्षं सांभाळणारीला? प्रायव्हेट प्लेग्रुपमध्ये मालक म्हणेल ते. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो, त्याआधीचं मूल जणू मोसंबी, आपोआप पिकेल.

अंगणवाडीत तरी काय, सेविकाताईंनी वजन-उंची घ्यायची, पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप भरायचं, गरोदर बायकांच्या घरी जायचं, लसीकरणाला हातभार लावायचा आणि उरलेल्या वेळात बालशिक्षण. २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचं सर्टिफिकेट, कमी शिकलेल्यांना वर्षाचा डिप्लोमा, आणि तेही मोबाईल नाहीतर डीटीएचवरून, महिन्यात किमान एक प्रत्यक्ष वर्ग. नाही त्यापेक्षा बरं. पण पोहायला टीव्हीवरून शिकवण्यातलाच प्रकार आहे हा. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, १९७५ पासून योजना चालू असताना!

आता दुसरी बाजू. शिकलेल्यांची. आमच्याकडे एक मुलगा होता, सव्वादोन वर्षांचा. नावाने हाक मारली की बघायचा नाही. मी म्हणायचे, लाडोबा आहे, मुद्दाम करतो. आमच्या मावशी, चौथी शिकलेल्या, त्या म्हणाल्या टीचर, मागून बिस्किटाचा पुडा वाजवला की लगेच वळतो हो, म्हणजे ऐकू येतंय, पण हाकेला वळत नाही, डोळ्यात बघत नाही, बोट दाखवून मागत नाही. हे बाईंनी केर काढता काढता बघितलं होतं. आईवडिलांशी बोललो, त्यांनी इन्स्टावरची कोणीतरी चाइल्ड डेव्हलपमेंट एक्सपर्ट गाठली, सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेली. स्क्रीन टाइम कमी करा आणि तुपात बदाम. सात महिने गेले. मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे गेले, थेरपी सुरू झाली. सात महिने त्या वयात किती असतात हे कळतं तुम्हाला?

म्हणून आईबाबा, आम्हाला विचारता तसं त्यांनाही विचारा. स्पेशल एज्युकेटर असेल, स्पीच थेरपिस्ट असेल तर आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन विचारा, नंबर असतो, दाखवायला कुणी लाजत नाही. ऑक्युपेशनल थेरपीची स्वतंत्र डिग्री असते. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन म्हणजे बालरोगतज्ज्ञ होऊन वर त्या विषयाचं आणखी शिक्षण घेतलेला डॉक्टर. काउन्सेलर म्हणजे काहीही असू शकतं, तिथे जास्त विचारा. आणि होम सायन्सवाल्यांना हसू नका, बालविकास हा विषय आपल्याकडे वर्षानुवर्षं त्याच डिपार्टमेंटला शिकवलाय. आम्ही कॉलेजात त्या मुलींना स्वयंपाकवाल्या म्हणायचो. आता त्यांच्याच नोट्स मागून मी वाचल्यात.

माझं म्हणाल तर मी नंतर मॉन्टेसरीचा डिप्लोमा केला, रात्री साधनं पुसत, पोराचा अभ्यास घेत, एकेचाळिसाव्या वर्षी. त्या बाबांना मी हे सांगितलंच नाही. म्हटलं सर, मुलीला दोन दिवस घेऊन या, तुम्ही कोपऱ्यात बसा आणि आम्ही काय करतो ते बघा. अजून आले नाहीयेत.

गेल्या सोमवारी नवीन मुलगी जॉइन झाली, आधी कॉल सेंटरला होती. तिला म्हटलं पंधरा दिवस काही शिकवायचं नाही, वही घे, खाली बस आणि दिसेल ते लिही. मुलगा हुशार आहे, मुलगी हट्टी आहे असलं नको, फक्त दिसेल ते. पहिल्या दिवशी पानभर 'क्यूट' लिहून आणलं. चौथ्या दिवशी वही दाखवली: "एक जण दारातल्या चपला लावत होता. सगळ्यांच्या. डाव्या एका बाजूला, उजव्या एका बाजूला. मावशी हाक मारत होत्या, तो आला नाही, एक डावी सापडत नव्हती."

मी ती वही मावशींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ती डावी माझीच होती.

(मुलांचे फोटो टाकत नाही, मागू नका. पगाराचं कमेंटमध्ये बोलू.)