ट्रकच्या मागे लागा म्हणे!

'रात्री बाईक चालवणाऱ्यांसाठी सात सोनेरी नियम. एका निवृत्त आरटीओ साहेबांच्या अनुभवाचे बोल. आपल्या मुलांना आजच पाठवा.' हा मेसेज नागपुरातल्या बहुतेक ग्रुपांवर फिरून झाला असेल. साहेबांचं नाव नाही, गाव नाही, शेवटी हात जोडलेले तेवढे आहेत. असले मेसेज मी वाचत नाही. पण ताईने तो माझ्या भाच्याला पाठवला, आणि पोट्टं बुटीबोरी एमआयडीसीत सेकंड शिफ्टला आहे. रात्री सुटलं की वर्धा रोडने नंदनवनला घरी येतं. त्याचा फोन आला, "मामा, आयडिया मस्त हाय जी. मी आता ट्रकच्या मागंच येत जातो." म्हणून हे लिहावं लागतंय.

तो पहिला नियम असा: 'अंधाऱ्या रस्त्यावर मोठा ट्रक पकडा आणि वीस फुटांवरून त्याच्या लाल दिव्यामागे चालत राहा. खड्डा आला तर आधी ट्रकला कळेल, समोरून येणाऱ्याचा लाइटही डोळ्यांवर येणार नाही.'

वीस फूट म्हणजे सहा मीटर. ताशी ६० किलोमीटरने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर जाते. म्हणजे ट्रकच्या शेपटाखालून खड्डा बाहेर आला की तुमचं चाक त्यात पडायला अर्धा सेकंदही लागत नाही. डोळ्याला दिसणं, डोक्याला कळणं आणि हात ब्रेकवर जाणं, यालाच ताज्यातवान्या माणसाला सेकंदभर लागतो. आठ तास मशीनवर उभा राहिलेल्याला दीड धरा. त्या दीड सेकंदात गाडी पंचवीस मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो.

शिवाय 'खड्डा आधी ट्रकला कळेल' हे लिहिणाऱ्याने ट्रकची चाकं कुठे असतात ते तरी पाहायचं होतं. ट्रकवाला खड्डा दोन चाकांच्या मधून काढून घेतो. त्याला धक्काही बसत नाही आणि तो खड्डा थेट मागच्या बाईकवाल्याच्या वाट्याला येतो. मेलेलं जनावर असो, फुटलेल्या टायरचा पट्टा असो की गोणीतून सांडलेली गिट्टी असो, सगळ्यांचं तेच.

आणि हे सगळं किरकोळ वाटावं असा प्रकार वेगळाच आहे. रस्त्याच्या कडेला, अर्धी डांबरावर, बंद पडलेली ट्रॉली उभी असते. ना रिफ्लेक्टर, ना लाइट, फार तर मागे दोन दगड ठेवलेले. ट्रकवाला उंच बसलेला, त्याला ती लांबून दिसते. तो शेवटच्या क्षणी सफाईने उजवीकडे दाबतो आणि निघून जातो. मागच्याला तोवर ट्रकच्या फाळक्याशिवाय काही दिसत नव्हतं, आता एकदम ट्रॉली. कापसाच्या हंगामात उमरेड रोडला नाहीतर काटोल रोडला रात्री गेलेल्या कुणालाही विचारा. सळ्या भरलेल्या गाडीचं तर बोलायलाच नको. माल बाहेर काढून नेण्यावर बंदी आहे, तरी सळ्या बाहेर असतात, आणि त्यांना बांधलेलं लाल फडकं रात्री काळंच दिसतं.

अजून एक. ट्रकचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. वीस फुटांवर, बरोबर मागे, तुम्ही त्याच्या लेखी नसताच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अपघात अहवाल काढून बघा. देशातल्या अपघातांत धडकेचा सगळ्यात मोठा प्रकार मागून बसलेली धडक हाच आहे, सुमारे पाचवा हिस्सा. साहेबांच्या अनुभवात हे आलं नाही वाटतं.

ट्रक पुढे असलाच तर काय करायचं? तो एखाद्या खांबाजवळून गेला की मोजायला लागायचं: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. त्याआधी आपण खांबापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. साठच्या वेगाला हे अंतर पन्नास मीटर होतं. रात्री एक आकडा जास्त मोजला तर कुणी हसत नाही. मधे एखादी कार घुसेल, घुसू द्या, पुन्हा मागे व्हा.

दुसरा नियम, 'लाइट कायम अप्परवर ठेवा.' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. रस्ता रिकामा, समोर कुणी नाही, पथदिवे नाहीत, तर अप्परच हवा. नुसत्या डिपरवर साठच्या पुढे गेलं की उजेड जिथे संपतो त्याच्या आत गाडी थांबेल याची खात्री नसते. पण समोरून कुणी आलं की डिपर, आणि पुढे कुणी चालत असेल तरी डिपर. कायम अप्पर ठेवून तुम्ही समोरच्याला काही सेकंद आंधळं करता, आणि तो तुमच्याच दिशेने येत असतो. कामठी रोडला हे रोजचं आहे. त्यात पोट्ट्यांनी बाहेरून बसवलेले पांढरे एलईडी. त्यांचा झोत रस्त्यावर कमी आणि लोकांच्या तोंडावर जास्त पडतो.

तिसरा, 'पिवळ्या काचेचा नाइट व्हिजन चष्मा घाला.' सीताबर्डीच्या फुटपाथवर ढिगाने मिळतात. अमेरिकेत हार्वर्डशी संलग्न नेत्रसंशोधन संस्थेने ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर हेच तपासलं, २०१९ साली जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या नियतकालिकात ते छापून आलं. पिवळ्या काचेने पादचारी लवकर दिसतो का? नाही. समोरून झगझगाट असतानाही नाही. ते साहजिकच आहे. रंगीत काच उजेड कमी करते, आणि रात्री आपल्याकडे उजेडाचीच टंचाई. चष्म्याचा नंबर तपासून घ्या आणि हेल्मेटच्या काचेवरचे, म्हणजे वायझरवरचे, ओरखडे बघा, त्याने खरंच फरक पडतो.

वायझरवरून चौथा नियम: 'रात्री हेल्मेट काढा, आजूबाजूचं दिसत नाही आणि ऐकू येत नाही.' यावर चर्चा करायचीही इच्छा नाही, पण आकडा देतो. मंत्रालयाच्या त्याच अहवालात, २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ लोक मेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. दुचाकीवरचे एकूण बळी ७४,८९७. काळी काच लावून रात्री दिसत नाही, हे खरं. मग काच बदला ना! डोकं उघडं कशाला टाकता?

मेसेजच्या सुरुवातीला एक वाक्य आहे, 'अपघात मध्यरात्रीनंतरच होतात, नऊच्या आत घरी या.' अहवाल सांगतो की सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊ याच वेळात होतात. आता त्या वेळी रस्त्यावर गाड्याही जास्त असतात, त्यामुळे मध्यरात्र सुरक्षित असं मी म्हणणार नाही. पण नऊच्या आत म्हणून घाई करण्यात काही अर्थ नाही, आणि सेकंड शिफ्टवाल्याने काय करायचं, नोकरी सोडायची?

पाचवा नियम अस्सल आपल्याकडचा: 'झोप आली तर खर्रा तोंडात ठेवा.' खर्ऱ्याने, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूने, जबडा जागा राहत असेल, डोळे नाही. साठच्या वेगात तीन सेकंद डुलकी लागली तर पन्नास मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. वर थुंकायला मान वळवायची ती वेगळी. डोळे जड झाले तर जामठ्याला नाहीतर खापरीला उजेडातला पेट्रोल पंप गाठा, गाडी स्टँडवर लावा आणि पंधरा-वीस मिनिटं तिथेच डोळे मिटा. चहा प्यायचा असेल तर झोपायच्या आधी प्या, तो लागू पडायला तेवढाच वेळ लागतो. घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगा. ताई ओरडेल, ओरडू दे.

सातवा नियम वाचून मेसेज लिहिणारा नागपूरचा नाही एवढं नक्की कळलं: 'शक्यतो समृद्धी महामार्गाने जा, तिथे गर्दी नसते.' भाऊ, समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून नाही.

राहिला सहावा, 'रात्री पुढचा ब्रेक वापरू नका, गाडी घसरते.' वाळू पसरलेल्या वळणावर, हँडल वळलेलं असताना, पुढचा ब्रेक करकचून दाबला तर गाडी खाली जाते, हे खोटं नाही. पण सरळ रस्त्यावर गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि नुसता पाय दाबला तर ते लॉक होऊन घासत जातं. गंमत म्हणजे २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला. त्यात पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतोच. भाच्याची गाडी त्यातलीच, म्हणजे हा नियम त्याला पाळायचा म्हटला तरी पाळता येणार नाही. रविवारी सकाळी त्याला मोकळ्या मैदानावर बोलावलंय. चाळीसच्या वेगावरून दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत गाडी किती अंतरात थांबते ते पावलांनी मोजून घेणार आहे.