सिबिल बघितल्यानं पडत नाही, फाइल वाटल्यानं पडतं

गल्लीच्या ग्रुपवरून सुटलेला एक मेसेज बेळगावात उद्यमबागेत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि गडी घाबरून बसला. अनगोळात फ्लॅट बघून ठेवलाय, घरकर्ज काढायचंय. मेसेजातले ‘जाणकार’ सांगतात ते असं: एक, स्वतःचा सिबिल स्कोअर (कर्ज, हप्ते कसे फेडलेत त्यावरून सिबिल कंपनी देते ते गुण) नुसता बघितला तरी तो घटतो. दोन, प्रत्येक बँकेच्या चौकशीला 50 पॉइंट जातात, म्हणून दर विचारत फिरू नका. तीन, कागद एका एजंटच्या हातात द्या, तो सगळीकडे फाइल चालवतो, सिबिलला धक्का नाही. चार, कोल्हापूरच्या बँकेत विचारलं की कर्नाटकातलं सिबिल बिघडतं. पाच, कर्ज घेतलं की मुदत संपेपर्यंत बँक बदलता येत नाही. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

तिसऱ्यापासूनच सुरू करतो. बाकीचं अज्ञान म्हणून सोडून देता येईल, हा मुद्दा मात्र माणसाला खड्ड्यात घालणारा आहे. एजंट फाइल ‘चालवतो’ म्हणजे काय करतो? तुमचं पॅन, आधार, सॅलरी स्लिप घेऊन तीन-चार ठिकाणी लॉगिन करतो, म्हणजे तुमच्या नावानं कर्जाचा अर्ज नोंदवतो. ज्या ज्या बँकेत फाइल लॉगिन झाली, ती ती बँक सिबिलसारख्या क्रेडिट कंपनीकडून तुमच्या कर्जफेडीचा रिपोर्ट मागवते, आणि प्रत्येक मागणी ‘चौकशी’ म्हणून तारखेसकट तुमच्या नावावर चढते. म्हणजे ज्याची भीती घालून एजंटकडे पाठवलं, तेच एजंटच्या टेबलावर होतं, तेही तुम्हाला न कळता. तुम्ही स्वतः काउंटरवर जाऊन “दर काय चाललाय, प्रोसेसिंग फी किती, लीगल आणि व्हॅल्युएशनचे किती घेता” एवढं विचारलंत तर काही चढत नाही. पॅन आणि संमती दिल्याशिवाय चढायचा प्रश्नच नाही. सगळे एजंट लबाड असतात असं मी म्हणत नाही. पण त्याचं कमिशन कर्ज देणारी बँक देते, तुम्ही नाही, हे ध्यानात ठेवून त्याचं ऐकावं. देणारच असाल कागद, तर कुठल्या बँकेत लॉगिन करणार ते आधी नावानिशी विचारा आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. कुणी रिपोर्ट मागवला की क्रेडिट कंपनीनं तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो, रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर 2023 चा आदेश आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

पहिल्या मुद्द्यावर फार शाई घालवत नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघणं ही स्कोअरच्या हिशेबात धरायची चौकशीच नव्हे. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम 2017 पासून आहे. बघितल्यानं पडत असतं तर रिझर्व्ह बँकेनं फुकट वाटायला लावलं असतं काय? या भीतीपायी भाच्यानं रिपोर्ट उघडलाच नव्हता. उघडायला लावला, तर जुन्या मोबाईलच्या हप्त्यातलं किरकोळ येणं ‘थकीत’ म्हणून बसलेलं, पैसे कधीच फेडलेले असताना. तक्रार टाकलीय. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. न बघता बँकेत गेला असता तर हेच तिथं निघालं असतं.

आणि रिपोर्ट उघडाल तेव्हा जामीनकीही बघा. आपल्याकडे चुलत्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना आपण जामीन! बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टात दिसतं.

दुसऱ्या मुद्द्यात थोडं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. थोड्या दिवसांत पुष्कळ लॉगिन झाले तर स्कोअर खाली येतो, आणि बँकवाल्यालाही वाटतं की हा पैशासाठी दारोदार फिरतोय. पण 50 हा आकडा कुठला? एका चौकशीला किती गुण हे सिबिल जाहीरच करत नाही. हप्ते वेळेवर भरलेत का, क्रेडिट कार्ड तोंडापर्यंत वापरलंय का, याचं वजन जास्त. उलट बाजूचा सल्लाही फिरतो: 45 दिवसांत कितीही बँका करा, एकच धरतात. ती सवलत अमेरिकेतल्या फायको स्कोअरची आहे, तिच्या भरवशावर इथं राहू नका.

चौकशीच्या भीतीनं तुलना सोडणं किती महाग पडतं ते बघा. 30 लाख, 20 वर्षं: साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे 26,035, नऊ टक्क्यांनी 26,992. अर्ध्या टक्क्याला एकूण 2 लाख 30 हजारांच्या आसपास फरक. त्यामुळे तोंडी चौकशी हवी तितकी करा, त्यातून दोन निवडा आणि लॉगिन दोनच ठिकाणी करा.

त्या दोघांकडून केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक (की फॅक्ट स्टेटमेंट), मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानं, 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या कर्जांना हे पत्रक सक्तीचं आहे. बँक असो, सहकारी बँक असो की हाउसिंग फायनान्स. त्यात फी वगैरे धरून खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. तुलना त्याची करायची, बोर्डावरच्या दराची नव्हे. पत्रक किमान तीन कामाचे दिवस ग्राह्य राहतं, म्हणजे “आजच सही करा, उद्या दर वाढतोय” म्हणणाऱ्याला थांबवता येतं. आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं, असं परिपत्रकातच आहे. इथं दुकानाच्या पाटीवरून वातावरण तापतं, पण 20 वर्षांच्या कर्जावर इंग्रजी न वाचता मुकाट सही ठोकतो आपण. मराठीत मागा की!

कोल्हापूरचं तर हसूच आलं. रेकॉर्ड तुमच्या पॅनला बांधलेलं असतं, सिबिलला सीमाप्रश्न नाही. मात्र तिथल्या सहकारी बँकेचं कार्यक्षेत्र कर्नाटकात नसेल तर ती बेळगावच्या मिळकतीवर कर्ज देणार नाही. ते तिच्या पोटनियमांमुळे, तुमच्या स्कोअरमुळे नव्हे.

आणि बँक बदलता येत नाही म्हणे! फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणाऱ्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँकांना 2012 पासून घेता येत नाही. फक्त नव्या बँकेची फी, गहाणाची स्टँप ड्युटी आणि आणखी एक चौकशी पुन्हा येते. तेवढं धरून हिशेब करा. दरात किरकोळच फरक असेल आणि थोडीच वर्षं उरली असतील, तर आहे तिथंच राहिलेलं परवडतं.