पण ह्याचा उपयोग काय?

हाताने कोरलेले रबरी शिक्के विकायचे असतील तर एका प्रश्नाचं उत्तर आधी घोकून ठेवावं. किंमत किती, हा तो प्रश्न नव्हे. तो नंतर येतो आणि बहुतेकदा येतच नाही. त्याआधी गिऱ्हाईक टेबलावरचा शिक्का उचलतं, उलटा करतं, अंगठ्याने दाबून बघतं, नाकाशी नेतं (हो, नेतात) आणि विचारतं, "काका, पण ह्याचा उपयोग काय?"

शिक्क्यावर आंबा असतो. शेजारच्यावर मोदक. तिसऱ्यावर भर पावसात छत्री घेऊन निघालेलं मांजर. आता आंब्याचा उपयोग काय म्हणून सांगायचं? उमटतो. पाकिटावर मारा, वहीवर मारा, भेटवस्तूच्या कागदावर ओळीने मारत सुटा.

"हो, पण कशासाठी?"

चूक गिऱ्हाइकाची नाही. आपल्याकडे शिक्का म्हणजे अधिकार. चार तास रांगेत उभं राहून खिडकीशी पोचलेल्या माणसाला आतून ऐकू येतं, "सही आहे, शिक्का कुठाय?" स्वयंसाक्षांकन सुरू होऊनही दिवस झाले, तरी प्रतीवर गोल जांभळं काहीतरी दिसल्याशिवाय आपल्याला ती प्रत खरी वाटत नाही. अशा देशात मी आंब्याचा शिक्का घेऊन बसतो. तो कुठलाच अर्ज मंजूर करत नाही, कुठलाच नामंजूर करत नाही. लोक बिचारे गोंधळणार नाहीत तर काय!

शिक्क्याची ही दहशत वाढवण्यात माझा हात आहे, अगदी शब्दशः. मी बँकेत होतो. सकाळी खुर्चीवर बसलो की पहिलं काम तारखेचा शिक्का फिरवणं. त्यात दिवस, महिना आणि वर्ष असे रबराचे छोटे पट्टे असतात, ते नखाने पुढे ढकलायचे. वर्षाचा पट्टा संपला की नवीन शिक्का मागवायचा, त्यासाठी अर्ज करायचा आणि अर्जावर शिक्का मारायचा. रोख मिळाली, ट्रान्स्फर, क्लिअरिंग, प्रत्येकाचा शिक्का वेगळा आणि प्रत्येकाच्या मुठीला वर्षानुवर्षांच्या तळव्यांची चकाकी. संध्याकाळी ते मोजून कुलपात. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि काही महिन्यांत नातवाचं खोडरबर कोरायला बसलो, तेव्हा ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, जन्मभर मारलेत ते पुरे नाही झाले?"

मारणं आणि बनवणं ह्यात फरक आहे, हे मी तिला अजून पटवतो आहे. नातवाला पटवायची गरज पडली नाही. तो आता कंपासपेटीला कुलूप लावतो.

खोडरबरच का, असंही लोक विचारतात. कोरायला खास मऊ ठोकळे मिळतात, पण ते परदेशी, आणि त्यांची किंमत ऐकली की आंबा कोरायचा तर निदान हापूस तरी कोरावा असं वाटतं. म्हणून सरावाला आणि लहान शिक्क्यांना आपलं पांढरं, मोठं, भुगा न पडणारं खोडरबर. खोडण्यासाठी जन्माला आलेल्या वस्तूकडून छापून घ्यायचं म्हणजे तिच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि ती अधूनमधून त्याचा सूड घेते. हे खोडरबर व्हिनाइलचं असतं. ते काही महिने प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलं की त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ डबीत उतरतो आणि दोघं एकजीव होतात. म्हणून मी प्रत्येक शिक्का कागदात गुंडाळून देतो आणि "प्लॅस्टिकच्या डबीत ठेवू नका" असं बजावतो. गिऱ्हाईक घरी जाऊन तो कागद फेकून देतं, सुंदर प्लॅस्टिकची डबी शोधतं आणि पावसाळा संपता संपता डबीसकट माझ्याकडे येतं. "काका, तुमचा शिक्का चिकटला." डबी माझी नसते, पण शिक्का माझा असतो.

कोरण्याची रीत तशी सोपी आहे. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र सरळ काढायचं, कागद पालथा करून रबरावर ठेवायचा आणि नखाने घासायचा. चित्र आपोआप उलटं उतरतं. मग व्ही आकाराच्या छिन्नीने कड सोडवायची आणि रुंद छिन्नीने रिकामी जागा खरवडून काढायची. वळण आलं की हात फिरवायचा नाही, रबर फिरवायचं. कापताना पातं रेघेपासून बाहेरच्या अंगाला कलतं ठेवायचं, म्हणजे रेघेला खाली पाया राहतो. आतल्या अंगाला गेलं की रेघ वरून छान दिसते आणि चौथ्या-पाचव्या ठशाला निखळते. हे सगळं मी गिऱ्हाइकांना उत्साहाने सांगतो. ती शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "म्हणजे मशीन नाही?"

मशीन नाही म्हटलं की पुढचा हिशेब मला पाठ आहे. "साडेतीनशे? खोडरबर तर पाच-दहा रुपयांना मिळतं." मिळतं. "आणि अप्पा बळवंत चौकात लेसरवर संध्याकाळपर्यंत करून देतात, नाव-पत्त्यासकट." देतात. "वर त्यांची रेघ एकसारखी येते." येते. रिकाम्या जागेत छिन्नीच्या ज्या बारीक रेघोट्या राहतात, त्याही ठशात उमटतात, आणि मला त्यांचं फार कौतुक आहे. हाताने कोरल्याची तीच तर खूण. गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवून हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने सांगतं, "इथे जरा घाण राहिलीय."

पण सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते उलटेपणाबद्दल. शिक्क्यावर सगळं आरशातल्यासारखं असतं, हे ज्या मराठी माणसाने आयुष्यात हजारो शिक्के बघितलेत त्यालाही टेबलाशी आल्यावर आठवत नाही. "अहो, हे उलटं कोरलंय तुम्ही." असं सांगणारा माणूस रोज भेटतो आणि रोज तेवढाच आनंदित असतो. अक्षरांच्या शिक्क्याला तर देवनागरी आणखी एक खोडी करते. पहिली वेलांटी आरशात दुसरी दिसते आणि दुसरी पहिली. एका मिठाईवाल्यासाठी मी 'मिठाई' कोरली होती. एक निवृत्त मराठीच्या बाई तो शिक्का डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "मि दीर्घ काढलाय तुम्ही. ऱ्हस्व हवा." मी पॅडवर दाबून कागदावर मारून दाखवला. त्यांनी चष्मा पुसून ठसा पाहिला, पुन्हा रबर पाहिलं.

"कागदावर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण मूळ प्रतीत चूक राहिली."

सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांचा मला हेवा वाटतो तो ह्याचसाठी. इंचभर-दीड इंचाच्या मऊ दगडावर एकशिंगी प्राणी आणि वर एक ओळ अक्षरं, तीही उलटी कोरलेली, म्हणजे मातीवर दाबल्यावर सुलटी उठावीत. साडेचार हजार वर्षं झाली, ती लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार नाही.

आकड्यांचं मात्र एक गुपित मला ह्या धंद्यात कळलं. एका गृहस्थांना घरच्या पुस्तकांवर मारायला बंगल्याच्या क्रमांकाचा शिक्का हवा होता, छत्तीस. देवनागरीतला ३ उलटा केला की जवळजवळ ६ होतो आणि ६ चा होतो ३. वर जागांची अदलाबदल होते. परिणामी ३६ उलटा केला तरी ३६ च दिसतो. बाकीचे आकडे उलटे कोरताना घाम फुटतो, पण एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या ह्या दोघांना आरसासुद्धा समोरासमोर आणू शकत नाही. गृहस्थांना मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "शेजारच्या सदतीसवाल्याला सांगू नका. तो म्हणेल, ह्यांना कमी पैसे पडले."

रबरी शिक्क्याचा जन्म कसा झाला हेही मी लोकांना सांगत असतो, विचारलं नाही तरी. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर तापवायची युक्ती शोधली आणि १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्या पक्क्या रबराच्या कवळ्या बनू लागल्या आणि अमेरिकेतल्या दाताच्या डॉक्टरांकडे रबर भाजायची छोटी भांडी आली. १८६० च्या दशकात पहिले रबरी शिक्के भाजून निघाले ते असल्याच भांड्यांतून. थोडक्यात, कवळी आणि शिक्का ही सख्खी भावंडं. दोन्ही नसतील तर माणूस काय म्हणतोय ते समोरच्याला कळत नाही.

प्रदर्शनात दिवस मावळायला आला की एक वेगळं गिऱ्हाईक येतं. ते आंब्याकडे बघत नाही. आजूबाजूची गर्दी पांगेपर्यंत थांबतं आणि वाकून विचारतं, "काका, गोल करता का?"

गोल म्हणजे सूर्यफूल, असं समजून मी सूर्यफूल पुढे करतो.

"तसा नाही. सरपंचांचा. मध्ये जागा, कडेने नाव. एकदाच मारायचाय."

एकदाच मारायचाय ह्या दोन शब्दांत केवढा विश्वास भरलेला असतो! जणू शिक्का खोटा ठरतो तो दुसऱ्यांदा मारल्यावर. खोटा शिक्का बनवणं हा गुन्हा आहे, मारणाऱ्याइतकाच कोरणाराही अडकतो, असं मी बँकेतल्या आवाजात सांगतो. तो आवाज अजून शाबूत आहे. एकाने तर तीन सिंहांचीच मागणी केली होती. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग दोन सिंह काढा." कल्पकतेचा तुटवडा आपल्याकडे नाही, फक्त ती आंब्याच्या दिशेला वळत नाही.

आणि अर्थातच शिवमुद्रा. दाढी राखलेला एक तरुण आला, खोडरबराच्या एका चौकोनाकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याच्यावर राजमुद्रा बसवा. पूर्ण." 'प्रतिपच्चंद्रलेखेव'पासून 'भद्राय राजते'पर्यंत बत्तीस अक्षरं, त्यात च्च, ष्णु, र्वि, श्व, स्यै, द्रा अशी जोडाक्षरांची फौज, भोवती आठ कोनांची चौकट, आणि जागा दीड इंच. महाराजांच्या कारागिरांनी हे धातूवर केलं. मी ज्या वस्तूवर करणार, ती भूमितीच्या तासाला पुसायला वापरतात. मी त्याला म्हटलं, "दादा, पत्राच्या शेवटी मारायची दुसरी छोटी मुद्रा होती, 'मर्यादेयं विराजते'. आठच अक्षरं. ती करू?"

"ती कशाला असायची?"

आणि इथे माझ्यातला कारकून उभा राहिला. ती मुद्रा मारली की पत्र तिथे संपलं, असा तिचा अर्थ. तिच्याखाली कोणी मागाहून ओळ घुसडली तर ती उघड खोटी. चेकवर 'रुपये पाचशे फक्त' लिहायला आम्ही खातेदारांना ओरडून ओरडून सांगायचो, त्यातला 'फक्त' तो हाच. मी बोलत राहिलो, खाडाखोड, कोऱ्या जागा, अंगठ्याचे ठसे. तरुण ऐकत होता. शेवटी त्याने 'मर्यादेयं विराजते' घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला. घरच्या किराणा यादीच्या खाली मारला होता. कारण धाकटी बहीण शेवटी चॉकलेट लिहायची.

उपयोग काय, हे मला असं गिऱ्हाइकांकडूनच कळत जातं. एका वहिनींनी 'हे पुस्तक वाचून परत करावे' मागितला, आठवड्याने त्याच्या जोडीला 'पुन्हा सांगणार नाही' मागितला. एकीने मोदकाचा शिक्का उकडीच्या मोदकांच्या खोक्यांवर मारायला नेला आणि गणपतीत इतकी खोकी गेली की मोदकाची एक कळी झिजून सपाट झाली. ती म्हणाली, नऊ कळ्यांचा मोदक दाखवून आठ कळ्यांचा दिला असं एका गिऱ्हाइकाने बोलून दाखवलं. मी कळी पुन्हा कोरून दिली.

खरा आधार शाळेतल्या बाईंचा. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी दोन शिक्के करून घेतले: फुलांच्या चौकटीत 'शाब्बास' आणि साध्या चौकटीत 'पालकांनी येऊन भेटावे'. 'शाब्बास'वर मी मन लावून काम केलं, चार पाकळ्यांची फुलं, वर एक फुलपाखरू. दुसरा तासाभरात उरकला. परवा बाई पुन्हा आल्या. पिशवीतून दोन्ही काढून टेबलावर ठेवले. फुलपाखरू जसंच्या तसं, पंखावरचे ठिपकेसुद्धा. 'पालकांनी येऊन भेटावे'चं 'पाल' तेवढं वाचता येत होतं.

"हाच एक नवीन हवा," बाई म्हणाल्या. "वर्ग पाचवीचा आहे."

"मूठ जुनीच लावून देतो. पन्नास रुपये कमी होतील."

त्यांनी थोडा विचार केला.

"मग दोन करा."