द्रोणात अकरा फोडी

परवा रात्री इंदूरच्या सराफ्यात एका अनोळखी बाईंनी माझ्या द्रोणातल्या गराडूच्या अकरा फोडींपैकी सहा खाल्ल्या. पैसेही त्यांनीच दिले, त्यामुळे मला धड भांडताही आलं नाही. ते भांडण अजून घशात अडकलंय, आणि माझ्या घशात सध्या जळजळीखेरीज कशालाच जागा नाही.

त्याच दिवशी सकाळी माझी साखरेची तपासणी झाली होती. गरोदरपणाचा सव्विसावा आठवडा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात ढवळून देतात. ते पाच-दहा मिनिटांत संपवायचं, ओकायचं नाही आणि दोन तास बाकावर बसून राहायचं. मग रक्त घेतात. १४० च्या आत आलं की सुटलो. चव म्हणाल तर, जिलब्या दुसऱ्या कोणी खाव्यात आणि उरलेला पाक आपल्याला पाजावा, तशी. माझं ११२ आलं. कमी मार्क मिळाल्याचा आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला. नवऱ्याला फोन करून एवढंच म्हटलं, "गराडू."

इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं. गराडू हा थंडीतला कंद. सोलताना हाताला अशी खाज सुटते की घरी सहसा कोणी त्याच्या वाटेला जात नाही. सराफ्यात फोडी एकदा तळून ढीग लावलेला असतो, आपण मागितल्या की त्या पुन्हा कढईत जातात. वरून कुरकुरीत, आतून पिठूळ. त्यावर जीरावन मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं, की झालं. दिवसा त्या गल्लीत सोनं विकतात, रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया लागतात. दिवसा तिथे मी नुसती बघी असते. रात्री मात्र गिऱ्हाईक.

तर मी रांगेत उभी. नवऱ्याला म्हटलं, "लिंबू जास्त सांग हं." तेवढ्या तीन-चार शब्दांत घात झाला.

"अगंबाई! मराठी का तुम्ही?"

स्वेटरवर शाल, शालीवर कानटोपी, साडीखाली पांढरेशुभ्र बूट. इंदुरात गर्दीत मराठी ऐकू आली की तीन प्रश्नांत नातं निघतं. होळकरांच्या काळापासून इथे आलेली ही माणसं इतकी वर्षं आपापसांतच सोयरीक करत आलीत, निघणार नाही तर काय. कुठल्या? सुदामानगरच्या. सासर की माहेर? सासर. आडनाव? झालं. माझ्या सासूबाईंच्या मामेभावाच्या मुंजीत काकू लाडू वळायला होत्या. लाडू बेसनाचे होते. पाक जरा पुढे गेला होता, पण तो काकूंच्या जावेमुळे.

मग काकूंनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "कितवा?"

"सव्विसावा आठवडा," मी म्हटलं.

"आठवडे नको गं सांगूस, महिना सांग." हेही नवऱ्याकडे बघूनच. तो आकाशात बघून भागाकार करायला लागला. रांगेतल्या एका मफलरवाल्या गृहस्थांनी "साडे छह" असं हिंदीत परस्पर जाहीर केलं.

"म्हणजे सातवा लागलाच! आणि हिला तू तळकट खायला आणलंस?"

हिला. मी तिथेच होते. पाच फूट तीन इंच, वर पोट, अंगावर लाल स्वेटर, दिसायला हरकत नव्हती. पण गेले काही महिने माझा अनुभव असा आहे, की पोट दिसायला लागलं की बाई दिसेनाशी होते. लोक पोटाशी तरी बोलतात, नाहीतर नवऱ्याशी. त्याने तिळाचे लाडू, कचोरी आणि माझ्या ताटातला उरलेला भात खाऊन या सहा महिन्यांत सात किलो वजन वाढवलंय. माझं वाढलंय सहा. त्याला अजून एकानेही कितवा विचारलेलं नाही.

एव्हाना गराडूवाल्याने फोडी झाऱ्यात उचललेल्या, तेल निथळतंय, आणि जीरावनाचा डबा हातात. काकू कडाडल्या, "भिया, मसाला मत डालना!" तिखटाने म्हणे बाळाचे डोळे चुरचुरतात. डबा थांबला. लिंबूही रद्द झालं, आंबटाने बाळाला सर्दी होते. यावर मफलरवाल्यांनी आक्षेप घेतला की उनके यहाँ तो ऐसे में खट्टा ही खिलाते हैं, उनकी मिसेस ने पूरी कैरी खाई थी. काकू म्हणाल्या, म्हणूनच. हे 'म्हणूनच' त्या गृहस्थांच्या मुलाविषयी होतं. तो शेजारीच उभा राहून नाक ओढत होता. मफलर गप्प झालं. गराडूवाला झारा हातात धरून आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होता. माझ्याकडे सोडून.

"कंद वातूळ असतो," काकू म्हणाल्या. "तेल टिपून दे."

वर्तमानपत्राचा तुकडा आला. माझ्या फोडी त्यात गुंडाळून दाबल्या गेल्या. फडक्यात चक्का दाबावा तशा. द्रोण हातात आला तेव्हा त्यात अकरा फिकट, गप्प फोडी होत्या. दवाखान्यात बसलेल्या रुग्णांसारख्या.

आणि मग काकू म्हणाल्या, "थांब, कच्चा तर नाही ना, बघते." टूथपिक उचलली आणि एक फोड खाल्ली. डोळे मिटून. एका फोडीवरून काही कळलं नसावं. दुसरी खाल्ली. तिसरी मधोमध मोडून आत पाहिली आणि मोडलीच आहे म्हणून खाल्ली. चौथीच्या वेळी मला सांगितलं की पहिल्या वेळी त्यांना पण गराडूचेच डोहाळे लागले होते, पण सासूने देऊ दिला नाही. तो प्रसंग त्यांनी इतक्या तपशिलात सांगितला, सासूने काय नेसलं होतं इथपर्यंत, की पाचवी आणि सहावी कधी गेली ते त्यांनाही कळलं नसेल. मला कळलं. मी मोजत होते.

खरं सांगू, सासूचं ऐकताना मला त्यांची कीव आली होती. पण भुकेपुढे कीव किती वेळ टिकते? चौथ्या फोडीपर्यंत.

नियम तरी एक ठेवा. पहिले तीन महिने मला पोह्यांचा वास सहन होत नव्हता, आणि इंदुरात सकाळी सहापासून प्रत्येक कोपऱ्यावर वाफेवरच्या पोह्यांचं पातेलं असतं. मी नाकाला रुमाल लावून ऑफिसला जायची. तेव्हा सगळे म्हणत, काहीच खात नाहीस, दोन जिवांचं खावं. आता खाते, तर म्हणतात, इतकं? डॉक्टरांनी सांगितलं होतं की दिवसाला जास्तीच्या साधारण ३५० कॅलरी लागतात. म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि थोडं दूध. दुसरा जीव तसा बेताचाच जेवतो.

कोपऱ्यावरचा फळवाला मला पपई विकत नाही. कच्च्या पपईत चीक असतो, तो या दिवसांत चांगला नाही, पण पूर्ण पिकलेल्या पपईत तो जवळजवळ उरत नाही, असं मी त्याला समजावून सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "दीदी, जाम ले जाओ." आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. मी जाम आणले. घरी सासूबाई म्हणाल्या, पेरू थंड.

आणि एवढ्या सल्ल्यांत कामाचा एकही नसावा? लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीसुद्धा तिच्यापासून लांब ठेवायची. मी दीड महिना लोहाची गोळी सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर गिळत होते, डायनिंग टेबलावर, चार मोठ्या माणसांसमोर. चौघांपैकी एकाने हूं केलं नाही. त्याच टेबलावर केशराची डबी रोज माझ्यापुढे सरकवली जायची, बाळ गोरं व्हावं म्हणून. आमच्या दोन्ही घरांत आजवर कोणी गोरं निपजलेलं नाही. आता त्या चिमूटभर केशराने काय करावं? शेवटी चहाचं मला हिमोग्लोबिनच्या रिपोर्टने सांगितलं.

असो. सराफ्यात परत येते.

काकूंनी सहावी फोड संपवली, बोटं शालीला पुसली आणि पर्स उघडली. "पहिलटकरीण आहे, पैसे मी देणार." नवरा नको नको म्हणाला. काकूंनी त्याच्या मनगटावर चापट मारली. माझ्या गालावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. गालाला तेल लागलं, म्हणजे माझ्या वाट्याचं तेवढं तरी मला मिळालं. बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू पाठवते म्हणाल्या, आणि मला वाटतं, पाठवतीलही. मग गराडूवाल्याच्या कानाशी काहीतरी बोलून पांढरे बूट रबडीच्या दिशेने निघून गेले.

मी उरलेल्या पाच फोडी खाल्ल्या. थंड, अळणी. मग द्रोण पुढे केला आणि स्वच्छ हिंदीत म्हटलं, "भैया, एक और. मसाला, नींबू, सब डालना."

तो चाचरला. "मॅडम, वो आंटी मना करके गई हैं. बोलीं, एक ही देना."

मी नवऱ्याला पुढे ढकललं. नवरा म्हणाला, "एक प्लेट."

"किसके लिए, भिया?"

आणि त्या बिचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं.